बापू गाऱ्हाणेचा आवाज

१२ जानेवारी, सोमवार. महाड.

साडेचारला सईने टीव्ही लावला. मी ओट्यापाशी, लसूण सोलत. हॉलमधून नानांचा, माझ्या वडिलांचा, आवाज आला. "येशीवरच्या, पानवठ्यावरच्या, डोंगरकड्यावरच्या माते..." तोच खालचा सूर, तेच मधे दम खाणं, तोच खोकला. हातातलं खाली ठेवलं. चार महिने झाले, नाना बोललेले नाहीत. भाद्रपदात अर्धांग झालं, त्यात उजवा हात आणि वाचा दोन्ही गेली. तेव्हापासून ते वाडीवरून इथे माझ्याकडे आहेत.

बाहेर येऊन पाहिलं. नाना खुर्चीत, आणि पडद्यावर कार्टूनमधला बापू गाऱ्हाणे. तिरकी टोपी, वांग्याएवढं नाक. मालिकेतला मेलेला नवरा पुन्हा नव्या चेहऱ्याने परत येऊ नये म्हणून देवीला साकडं घालतोय. सई हसून गादीवर लोळतेय. लेक नऊ वर्षांची आहे, तिला हसायला एवढं पुरतं. नाना बघत होते. चेहऱ्यावर काहीच नाही.

बापू मी लिहिलाय, मीच. डायरीत हे लिहायची गरज नव्हती, पण लिहिलं.

१५ जाने., गुरुवार

सकाळभर मंदारशी कॉल. तो 'भोंगळेवाडी'चा, म्हणजे बापूच्या कार्टूनचा, हेड रायटर, मुंबईत बसतो. मी इथून लिहिते, कुकरच्या शिट्ट्या म्यूट करून. दुसऱ्या सीझनचे चार एपि. लिहून झाले, आठ बाकी. एपि. ५ गाण्याच्या स्पर्धेची पॅरडी: परीक्षक स्पर्धक गायच्या आधीच रडतात. एपि. ६ न्यूजवरची चर्चा: नऊ खिडक्या, नऊ जण ओरडतायत, दहाव्या खिडकीत म्हैस, आणि मुद्द्याचं बोलणारी तीच.

मं. म्हणाला, "म्हशीचं ठेव. पण तो सिनेमाचा डायलॉग काढ. दिवाळीपर्यंत कुणाला आठवणार नाही. रेफरन्स शिळा झाला की जोक मेला."

खरंय. आमच्या धंद्यात हीच कटकट. जूनमध्ये ज्याच्यावर हसायचं ते नोव्हेंबरात कुणाच्या लक्षात नसतं. फक्त बापू शिळा होत नाही. मंदारच म्हणतो, बापू म्हणजे आपलं गोडं तेल, कशातही घाला.

नानांनी आज दुपारी भात अर्धा टाकला.

१८ जाने., रविवार

अनिल लेकीला घेऊन बाजारात गेलाय. घर शांत. सुरुवात कशी झाली ते एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल.

तीन वर्षांपूर्वी स्टुडिओत सगळे बसलेलो. कुणीतरी म्हणालं, प्रत्येक गोष्टीवर कॉमेंट करणारं एक म्हातारं पात्र पाहिजे. मी म्हटलं, आमच्याकडे पोलादपूरला शिमग्यात पालखी सहाणेवर बसते. ओटाच असतो तो, गावाच्या मधे. मग मानाच्या घरचा माणूस पुढे होतो आणि सगळ्या गावाच्या वतीने देवीशी बोलतो. गुरं, पाऊस, लेकरं, मुंबईला गेलेले, सगळं सांगतो. त्याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. प्रत्येक वाक्याला गाव उत्तर देतं, होय म्हाराजा. आणि आमच्या वाडीत मानाचं घर आमचं, माझे वडील घालतात.

मग करून दाखवलं, नानांच्या आवाजात. लहानपणापासून येते मला ती नक्कल. चुलीपुढे बसून आईला हसवायचे. स्टुडिओत लोक टेबलावर डोकं आपटून हसले. माझ्यामुळे एवढं हसलेलं मी कुणाला पाहिलं नव्हतं. फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

गेल्या जूनमध्ये पहिला भाग लागला. मी नानांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी शेजारच्यांच्या टीव्हीवर पाहिला, सगळ्या वाडीबरोबर. दुसऱ्या दिवशी मी फोन केला. म्हणाले, "पाह्यला." पुढे पावसाचं बोलले, चिखलणीचं बोलले. गणपतीत मी गेले तर वाडीतली पोरं त्यांना बापू म्हणत होती आणि नाना आरतीला मागच्या बाजूला उभे होते. पुढच्या पंधरा दिवसांत अर्धांग झालं.

डॉ. म्हणतात, बीपी होतं, गोळ्या घेत नव्हते. डॉक्टरचं बरोबरच असणार.

२२ जाने.

काका आला, पहिल्या एसटीने, पिशवीत वालाच्या शेंगा. काका म्हणजे नानांचा धाकटा भाऊ. शेतात एकटा असला की बैलांशी तासभर बोलेल, चार माणसं जमली की तोंडाला कुलूप. नानांचा पाय चेपत बसला. मग मला आत बोलावलं.

"वृंदे, शिमगा जवळ आला गो. औंदा गाऱ्हाणं कोन घालनार?"

"काका, तूच आता."

"माझ्याच्यान नाय होयाचं. माझे पाय कापतात. संतोष घालील, तो मुंबैवरनं येतोय." संतोष त्याचा मुलगा. "पन त्याला येत नाय. नानाला सगळं तोंडपाठ, कागद कंदी केलाच नाय. आता तुझ्याबिगर कुनाला ठाव हाय? तू लिवून दे."

मी हो म्हटलं. बाई माणसाने सहाणेवर बोलायचं नाही, पण लिहून द्यायला हरकत नाही म्हणे. मला हसू आलं, काकाला कळलं नाही कशाचं.

जाताना नानांच्या कानाशी वाकून म्हणाला, "नाना, सगळं नीट होईल, काळजी करू नको." नानांनी त्याचा हात सोडला नाही, मी सोडवला.

२५ जाने., रविवार

गाऱ्हाणं लिहायला बसले. पहिल्या तीन ओळी सरळ आल्या. चौथी लिहिली आणि थांबले. ही नानांची की बापूची?

"गेलेल्याला वाट दे, आलेल्याला पाट दे." एपि. २ मध्ये आहे, पाहुण्यांच्या जोकमध्ये. पण मी ती नानांकडून घेतली होती का? असं वाटतं की घेतली होती. असंही वाटतं की यमक जुळवायला मीच केली.

पाऊण तास बसले. एक ओळ आठवायला गेले की बापू तोंड घालतो. त्याचं नाक दिसतं, त्याची टोपी. नानांचा चेहराच येत नाही. शेजारच्या खोलीत नाना झोपलेत आणि मला त्यांचा बोलतानाचा चेहरा आठवत नाही.

कागद फाडला.

२९ जाने.

रेकॉर्डिंग होतं. बापू ठरला त्या वर्षीच्या शिमग्यात मी फोनवर नानांचं अख्खं गाऱ्हाणं घेतलं होतं, स्टुडिओला आवाजाचा नमुना म्हणून. फोन बदलला. स्टुडिओचं ते फोल्डर सीझन संपल्यावर साफ केलं. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, फायनल ऑडिओ आहे ना, तो देऊ?" फायनल म्हणजे बापू.

हेमंतला फोन केला. बापूचा आवाज तो काढतो. चांगला माणूस, विदर्भातला, कोकणात आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही.

"ताई, पहिले पंधरा दिवस मी तेच ऐकत होतो. मग माझ्याच गळ्यातून तसं यायला लागलं, मग फाईल कशाला लागते? जुनी हार्ड डिस्क बघतो."

मग विचारलं त्याने, "बाबा कसे आहेत?" मी सांगितलं. बरं व्हायला पाहिजे त्यांनी, असं म्हणाला. तेवढं वाक्य बापूच्या आवाजात निघालं. त्याला बिचाऱ्याला समजलं नसावं. मला उगाच राग आला.

१ फेब्रु., रविवार

काकाचा हट्ट, साव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात हात शेकवायचा. नेलं नानांना. अनिलने उचलून पायरीवर बसवलं, मी उजवा हात पाण्यात धरला. ऊन चांगलं होतं. नानांनी डोळे मिटले. कितीतरी दिवसांत इतके निवांत दिसले नव्हते.

पलीकडे पुण्याचं कुटुंब. त्यांच्या मुलीने ओला टॉवेल डोक्यावर घेतला, टोपीसारखा तिरका केला, हात जोडले आणि सुरू. "चुकलं ते आमचं, निस्तरायचं तुझं, म्हाराजा!" खोकल्यासकट. आईबाप टाळ्या वाजवत "होय म्हाराजा". आईने मला हसून सांगितलं, घरी चोवीस तास हेच चालू असतं हो.

मी विचारलं, "हे मूळ कुठलं माहितीये का?"

"कार्टूनमधलंच ना? आणखी कुठलं?"

नानांनी डोळे उघडले होते. मुलीकडे बघत होते. मग पुन्हा मिटले. मूळ माहीत असेल तरच पॅरडी, असं मी नव्या लेखकांना शिकवते. त्या पोरीला मूळ माहीतच नाही. तिच्यासाठी बापूच मूळ आहे, आणि हा कुंडावरचा म्हातारा कुणीच नाही.

४ फेब्रु.

स्पीच थेरपीवाली ताई दर बुधवारी येते. तरुण आहे, धीर फार. आज म्हणाली, "समजून-उमजून बोलणं गेलं तरी घोकलेलं कधीकधी शिल्लक राहतं. आकडे, आरती, शिव्या. रोज तोंडात असलेलं काही आहे का त्यांच्या?"

शिव्या नाहीत, नाना शिवी देत नाहीत. गाऱ्हाणं आहे, म्हटलं.

ती गेल्यावर समोर बसले. "नाना, म्हणा माझ्याबरोबर. येशीवरच्या, पानवठ्यावरच्या..." ओठ हलले. गळ्यातून काहीतरी वर आलं आणि तिथेच अडकलं. डोळ्यांत पाणी. मी थांबवायला हवं होतं, मी आणखी तीनदा म्हणायला लावलं. मला त्यांचा आवाज हवा होता की कागदासाठी ओळी हव्या होत्या, कोण जाणे.

११ फेब्रु.

संतोषचा व्हॉइस मेसेज. "वृंदाताई, प्रॅक्टिस चालू केलीय. ऐक आणि सांग, परफेक्ट हाय ना?" खाली दोन मिनिटांचं गाऱ्हाणं.

नखशिखांत बापू. सूर बापूचा, थांबणं बापूचं. तिसऱ्या वाक्यानंतर खोकला. रेकॉर्डिंग केलं त्या वर्षी नानांना सर्दी झाली होती म्हणून ते खोकले. हेमंतने ऐकलं आणि बापूला खोकला दिला, कारण प्रेक्षकांना अशी एक खूण लागते. आता संतोष, सख्खा पुतण्या, नानांच्या मांडीवर वाढलेला, खोकला पाठ करतोय.

फोन केला. "संतोष, खोकायचं नाही."

"अगं, पन नाना खोकायचे ना? सगळ्यांना म्हायतीय. ट्रॅडिशन हाय ती."

"एकाच वर्षी खोकले रे."

"नाय गो. दरवर्षी." मग जरा थांबून, "ताई, माझ्या कंपनीत सगळ्यांना सांगितलंय मी, तो बापू म्हंजे माझे काका. लय इज्जत हाय."

हसत हसत ठेवला फोन.

१५ फेब्रु., रविवार

दुसरा कागद तयार केला. नानांना वाचून दाखवायचं ठरवलं. बरोबर असेल तर डाव्या हाताने मांडीवर थाप, चुकलं असेल तर मूठ. तेवढं ते नीट करतात.

येशीची, पानवठ्याची ओळ: थाप. गुरांची ओळ: थाप. वाट आणि पाट: मूठ! म्हणजे माझीच होती ती. एवढा आनंद झाला, काटली. मुंबईला गेलेल्यांची ओळ: थाप. एक ओळ मी विसरले होते असं दिसलं. मूठ घट्ट केली, मग कागदाच्या मधल्या भागाकडे बोट. विचारत गेले, पाणी? विहीर? माहेरवाशिणी? थाप, थाप. माहेरवाशिणींची ओळ! "सासरी नांदत्या लेकीबाळींना सांभाळ." ती मी बापूत घेतली नव्हती, हसायला काही नव्हतं तिच्यात. म्हणून विसरले.

शेवटी, नुसतं बघायचं म्हणून वाचलं, "चुकलं ते आमचं, निस्तरायचं तुझं."

थाप.

ही माझी आहे. माझीच. मंदार म्हणाला होता शेवटाला टी-शर्टवर छापता येईल अशी ओळ दे, आणि मी उभं राहून फळ्यावर हिरव्या मार्करने लिहिली. शाईचा वाससुद्धा आठवतो. पुन्हा वाचलं. पुन्हा थाप. तिसऱ्यांदा विचारलं, "नाना, हे तुम्ही म्हणायचात?" थाप, जरा जोरात, मुलांवर खेकसताना मारायचे तशी.

दिवसातून चारदा ऐकतात टीव्हीवर. त्यामुळे असेल.

ओळ कागदावर घेतली नाही.

१९ फेब्रु.

हेमंतला तुकडा सापडला. लहानसाच, सुरुवातीचा, पण नानांचा. कानात घालून ऐकला. मागे ढोलवाले, कुणाचं तरी पोर रडतंय, आणि नाना. बापू यांच्याहून किती मोठ्याने बोलतो! नाना जवळजवळ कुजबुजतात. घरातल्या मोठ्या बाईला एखादी गोष्ट सांगावी तसं देवीला सांगतात. मी नक्कल करताना ओरडून करत आले, कारण हळू आवाजाला हसू येत नाही. इतकी वर्षं ओरडत आले आणि शेवटी तेच आठवायला लागलं.

खोकल्यापाशी तुकडा संपतो. शेवट नाहीच त्यात. म्हणजे त्या ओळीचं काही कळलं नाही.

संध्याकाळी स्पीकरवर लावला. नानांनी दोन वाक्यं ऐकली आणि तोंड भिंतीकडे केलं. बंद केला. चुकलंच माझं, आधी विचारायला हवं होतं.

संतोषला तुकडा पाठवून लिहिलं, असं हळू बोलायचं. त्याने अंगठा पाठवला.

२३ फेब्रु., सोमवार

मं.चा फोन. "सीझनचा शेवट सुचलाय. ऐक. बापूची वाचा जाते."

मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"आणि शिमगा तोंडावर. मग तो गाऱ्हाणं खाणाखुणांनी घालतो. अख्खा भाग मूकपटाची पॅरडी. काळा-पांढरा, पियानो, मधे पाट्या. वाडीवाले उलटंच समजतात आणि भलत्याला होय म्हाराजा म्हणतात. वृंदा? ऐकतेयस ना? म्हणजे घरची परिस्थिती मला माहितीय, पण म्हणूनच, तुझ्याकडून जे येईल ते खरं येईल."

त्याला दोन शब्द सुनवायला हवे होते. बघते म्हटलं.

दुपारी नाना झोपले. नकार कळवायला लॅपटॉप उघडला आणि पहिला सीन लिहिला. मग दुसरा. नानांना खिडकी बंद करून हवी होती आणि मी तीनदा पाणी पाजलं, ते घातलं. डावी मूठ घातली. सईने बोट बघून रिमोट दिला, ते घातलं. चहा होईपर्यंत भाग पुरा. मी लिहिलेल्यात हा सगळ्यात चांगला आहे. वाचताना मोठ्याने हसले. नाना दारातून बघत होते, अनिलने खुर्ची तिथे आणून ठेवली होती. का हसतेस असं डोळ्यांनी विचारलं. काही नाही, ऑफिसचं, म्हटलं.

मला माझी किळस आली. फाईल मात्र पुसली नाही.

२६ फेब्रु.

आज सांगितलं. सई शाळेत, अनिल कामावर. नानांसमोर बसले आणि सरळ बोलले. बापू तुम्ही आहात. मी लिहिला. लोकांना हसवण्यासाठी लिहिला. तुम्हाला विचारलं नाही, कारण नाही म्हणाला असता. वाडीत तुम्हाला तोंड दाखवणं कठीण केलं. आणि आता वाचा गेली त्याच्यावरही लिहिलंय.

नाना बघत राहिले. थाप नाही, मूठ नाही. बऱ्याच वेळाने डावा हात उचलून टीव्हीकडे दाखवलं. लावू? थाप.

दुपारचा रिपीट चालू होता, न्यूजच्या पॅरडीचा जुना भाग. बसलो दोघं. मंत्री पात्र खुर्चीसकट खड्ड्यात पडतं तिथे नानांच्या घशातून आवाज आला. हसले. मग बापू आला. मी पडद्याकडे बघितलंच नाही, नानांकडे बघत बसले. ते लक्ष देऊन ऐकत होते. राग नव्हता. गेल्या आठवड्यात भिंतीकडे तोंड केलेलं, इथे नाही केलं. स्वतःचा आवाज नको आणि बापूचा चालतो, याचा अर्थ काय लावायचा?

१ मार्च, रविवार. वाडीवर.

नानांना घेऊन आलो. आंबेनळीच्या रस्त्याने वळलो तसे ते ताठ बसले. घर काकाने सारवून ठेवलंय. मुंबईवाल्यांनी कुलपं उघडलीत, दहा-बारा घरांतून धूर निघतोय.

संध्याकाळी सहाणेपाशी पोरांचा पालखीचा खेळ. प्लॅस्टिकची खुर्ची उलटी करून खांद्यावर. गाऱ्हाणं बापूचं. नानांना अंगणात बघितल्यावर सगळी चिडीचूप झाली. एकजण पुढे येऊन पाया पडला, मग सगळेच पडले.

संतोषची तालीम घेतली. खोकला गेला. आवाजही बराच उतरला. घाबरलाय मात्र. "ताई, चुकलो तर?" मी म्हटलं, कागद हातात आहे ना.

६ मार्च, शुक्रवार

सकाळी पालखी सहाणेवर बसली. ढोल थांबले. मान आमच्या घराचा, म्हणून नानांची खुर्ची पुढे, संतोष त्यांच्या बाजूला, काका मागे. आम्ही बायका पिंपळाच्या बाजूला.

संतोषने सुरू केलं. हळू, नानांसारखं. दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं, त्यांना बहुतेक दुसरं अपेक्षित होतं. गाव उत्तर देत होतं, होय म्हाराजा. गुरं झाली, पाऊस झाला, मुंबईचे झाले. लेकीबाळींच्या ओळीला मला रडू आलं. ती मला किती वर्षांत कुणी म्हटलेली ऐकू आली नव्हती, कारण मी फक्त हसण्यासारखं ऐकायला येत होते.

शेवटाला संतोष अडला. कागदावर पुढे सरळ होतं, पदरात घे, राखण कर. तो नुसताच उभा. गाव वाट बघतंय. मागून कुणीतरी फिसकन हसायच्या बेतात.

आणि नाना बोलले.

"चुकलं ते आमचं. निस्तरायचं तुझं. म्हाराजा."

स्वच्छ, एकेक शब्द सुटा. आवाज त्या तुकड्यातला, कुजबुजता. बापूचा नाही.

मग एकदम, सगळ्यांचा मिळून, "होय म्हाराजा." ढोल सुरू झाले. कुणी हसलं नाही. काका नानांच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला. "बोलला गो नाना, वृंदे, बोलला." बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. माझ्या ओळीवर रडतायत सगळे.

नाना पालखीकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

८ मार्च, रविवार

काकाला विचारलं. खरं सांग, नाना ती ओळ आधी म्हणायचे का?

"म्हंजे? दरवर्षी म्हनायचा. आमचा बाप पन म्हनायचा."

"काका, ती मी लिहिलीय. टीव्हीसाठी."

तो माझ्याकडे बघत राहिला, लेकरू तापात बरळतंय असं. "तू नानाचंच घेतलंस ना गो सगळं? मग ती तरी तुझी कशी?"

शेजारच्या म्हातारीला विचारलं, तीही हेच. संतोष तर शपथ घेतो. अख्खी वाडी साक्षीला आहे आणि माझ्याकडे काय, तर हिरव्या मार्करचा वास.

११ मार्च, बुधवार. महाड.

थेरपीवाल्या ताईला सगळं सांगितलं. ती खूश. आणि म्हणाली, जे सगळ्यात जास्त कानावर पडलं तेच बाहेर येतं, असं होतं. कुठून कानावर पडलं, हे तिला कसं कळणार.

मं.चे तीन मेसेज. मूकपटाचा भाग कुठाय. अजून पाठवला नाही. तसा लिहून तयार आहे, हेही सांगितलं नाही.

काकाचा फोन: देवळात पाटी लावायची ठरलीय, गाऱ्हाणं लिहून, काच घालून. पुढल्या साली संतोष आला नाय तर कुणालाही घालता येईल. "शेवटची वळ नीट लिव. तीच राहिली व्हती तुझ्या कागदात."

१४ मार्च, शनिवार

नाना आता बोलतात. एवढंच बोलतात.

सकाळी चहा दिला: चुकलं ते आमचं, निस्तरायचं तुझं, म्हाराजा. आंघोळ घातली, तेच. पाठ दुखली तर तेच, फक्त सूर वेगळा. नातीला जवळ बोलवायला तेच. सूर बदलून बदलून त्या सहा शब्दांत सगळं बसवायला शिकतायत, आणि मला हळूहळू समजतंही. पाणी कुठलं, खिडकी कुठली. थाप आणि मूठ बंद झाली.

सई लगेच म्हणते, होय म्हाराजा, आणि ते शांत होतात. तिला तो खेळ वाटतो. कुणी उत्तर दिलं नाही तर पुन्हा म्हणतात, पुन्हा, वाट बघत. गाऱ्हाण्याला उत्तर लागतंच.

मघाशी सई खेळायला गेली. मी टेबलापाशी, समोर पाटीचा कोरा कागद. नानांनी खुर्ची माझ्याकडे वळवून घेतली. पाणी नको होतं, खिडकी नको होती. कुठलाच नेहमीचा सूर नव्हता. तीच ओळ म्हणाले. मी पेन खाली ठेवलं. पुन्हा म्हणाले, हळू, माझ्या डोळ्यांत बघून.

तोंड उघडलं मी. म्हटलं, "होय म्हाराजा."